भिंतीपलीकडचा लाल

३ ऑक्टोबर, शुक्रवार

वेल फितूर झाली!

पाणी मी घालते. खत मी घालते. मुंग्या लागल्या की राख मी टाकते. आणि रंग कुठे आला? भिंतीच्या पलीकडे! रस्त्याच्या बाजूला. ऊन म्हणे तिकडे जास्त. आत माझ्या वाट्याला काय, तर काड्या आणि चार मरगळलेली हिरवी पानं.

सकाळी भिंतीला पाठ लावून वाटाणे सोलत होते. पलीकडे दोन बायका थांबल्या. एक म्हणाली, "अगं बाई, काय लाल झालीय! पेटल्यासारखी." दुसरी म्हणाली, "थांब, फोटो काढते. तू तिथं उभी राहा." मी इकडून ओरडले, "फोटोत मालकीण नको का?"

दोघी पळाल्याच. भिंत बोलली असं वाटलं असेल.

हसले खूप. मग वाटाणे तसेच राहिले.

४ ऑक्टोबर, शनिवार

कुलपाची हकीकत एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. नाही गेली तर निदान कागदाला ताप.

एप्रिलात मी बसमध्ये झोपले. एवढाच गुन्हा. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरनं हलवून उठवलं. "आजी, बस संपली." घरी यायला अंधार झाला. मुलगा फाटकात उभा — चेहरा पिठासारखा. दुसऱ्या दिवशी धरून नेलं डॉक्टरीणबाईंकडे. विसरण्याचा आजार लागलाय का बघायला.

आता ती बाई फार गंभीर. आणि गंभीर माणूस दिसलं की माझ्या जिभेला खाज सुटते, त्याला मी काय करू!

"आज वार कोणता?"

म्हटलं, "सून डोकं धुते तो."

"वर्ष कोणतं?"

म्हटलं, "एवढा मोठा दवाखाना आणि कॅलेंडर नाही?"

"मुलं किती?"

"एकच. पण त्रास दहाजणांचा."

"नवऱ्याचं नाव?"

"घेतलं असतं हो. पण ओ दिली म्हणजे!"

मला वाटलं हसेल. ती लिहीत होती. प्रत्येक उत्तरापुढे फुली! मुलगा रडवेला. सून मान खाली घालून बसलेली. मी म्हटलं, "अरे, गंमत केली रे!" तर डॉक्टरीणबाई त्याला हळूच म्हणते कशी — "असंच म्हणतात. झाकायला बघतात."

झालं. त्या दिवसापासून मी खरं बोलले तरी आजार आणि थट्टा केली तरी आजार.

एकटीला बाहेर सोडू नका, सहा महिन्यांनी परत बघू, असं सांगितलं. त्याच संध्याकाळी मुलानं फाटकाला कुलूप आणलं. दाबलं की बसतं, किल्लीशिवाय उघडत नाही, असलं. तो सकाळी लवकर जातो. सून आठ वाजता निघते, ती फाटक लावते. साखळी खळखळते, तिच्या चपला वाजत जातात, आणि मी आत. एक वाजता ती येईपर्यंत बाग, पायरी, स्वयंपाकघर. स्वयंपाकघर, पायरी, बाग.

दुसरी परीक्षा एकवीस तारखेला. या वेळी एकही विनोद नाही. जीभ बांधून नेणार आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

आमचे हवालदार आज घरी. हवालदार म्हणजे चिरंजीव. खरं काम लिफ्ट दुरुस्तीचं. लोक मधेच अडकले की हा जातो, दार फाकवतो, हात देऊन एकेकाला बाहेर काढतो. मागे पेपरात नाव आलं होतं. जगाला सोडवतो आणि आईला कोंडतो!

हे त्याला बोलून दाखवलं. म्हणाला, "आई, तुझ्या भल्यासाठी आहे."

म्हटलं, "लिफ्टवाल्यांना पण असंच सांगतोस का? बसा आतच, तुमच्या भल्यासाठी?"

हसला नाही. आधी हसायचा. आता माझं प्रत्येक वाक्य पारखून बघतो — आजार आहे की आई आहे.

मग वेलीचं काढलं. बायका म्हणत होत्या, पेटलीय म्हणे. तर लगेच उठला. "चल ना, दाखवतो. हात धर माझा."

हात धर! माझी वेल, माझी भिंत, माझा रस्ता. आणि मी काय, दाव्याला बांधलेली? नाही म्हटलं. "मला हात धरून माझी भिंत दाखवू नकोस. मी माझ्या पायानं जाईन, एकटी, मला वाटेल तितका वेळ उभी राहीन."

"आई, तसं नाही जमणार."

"मग नाही बघत!"

सून दारात उभी होती. हिला मी मौनी म्हणते, दिवसाला दहा शब्द बोलते, त्यातले चार 'हं'. ती तोंडावर हात ठेवून हसली. हसली का ते कळलं नाही. मेल्या दोघांचं कळतच नाही काही.

त्या कुलपालाही मी हात लावणार नाही. गज धरून, कुलूप हलवून बघणारी म्हातारी — नाही. तेवढं सुख कुणाला देणार नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

टपालवाला आला. पन्नाशी उलटलेला, पण डोक्यावर एक काळा केस नाही. मला आजी म्हणतो! मी म्हणते, "माझ्याहून पांढरा तू, आणि आजी मी?"

आज त्याला फाटकाशी धरला. म्हटलं, "भिंतीकडे बघ आणि सांग, वेल कशी दिसते."

"लाल आहे."

"कसली लाल?"

"लालच की, आजी."

"अरे, लालात फरक असतो! विटेचा लाल, टोमॅटोचा लाल, पोस्टाच्या पेटीचा लाल, तुझ्या साहेबाच्या नाकाचा लाल —"

त्यानं मान तिरकी करून पुष्कळ वेळ पाहिलं. बिचारा खरंच विचार करत होता. म्हणाला, "खाली नाकाचा. वर पेटीचा."

वा! एवढं तरी कळलं. पायरीवर येऊन डोळे मिटून बसले आणि बघायचा प्रयत्न केला. खाली नाकं आणि वर पेट्या दिसायला लागल्या. नको ते!

८ ऑक्टोबर, बुधवार

त्यानं आज एक पान तोडून गजांतून दिलं. सुंदर. शिरा अजून हिरव्या, मधलं मांस लाल, कडेला जांभळट. उन्हात धरलं तर बोटांवर लाल उजेड पडला.

पण एका दातावरून हसू कसं कळणार!

९ ऑक्टोबर, गुरुवार

आतल्यांना राग आला असावा. मी वेलीचंच कौतुक लावलंय ना! आज सगळी बाग नटून उभी.

झाडांची खरी नावं मला येत नाहीत. शाळेत चार इयत्ता झाल्या त्यात झाडं शिकवली नाहीत; झाडाखाली बसवून पाढे शिकवले. म्हणून मी आपली नावं ठेवलीत. कोपऱ्यातलं उंच झाड, ती नणंद. सगळ्यांत आधी पिवळी होते, सगळ्यांना दिसेल अशी, आणि जरा वारा आला की सगळं अंगावरचं टाकून देते आणि मग दोन महिने थंडी वाजते म्हणून कुडकुडते. फाटकाजवळचं झुडूप, ती जाऊबाई. शेवटपर्यंत हिरवी राहणार. मला काही नको, माझं आपलं साधं. आणि एका रात्रीत अशी तांब्यासारखी होते की नणंदेकडे कुणी बघत नाही. हौदाकडेचं ठेंगणं झाड ते आमचे हे. एका बाजूनं पिवळे, एका बाजूनं हिरवे. कुठल्याच गोष्टीचा एकदम निर्णय नाही. बूट घालताना पण आधी कुठला, यावर थांबायचे.

वेल त्यांनीच लावली. जाण्याच्या आदल्या वर्षी. एवढीशी काडी होती. मी म्हटलं होतं, "ही काय जगते!" ते म्हणाले होते, "जगली तर तू बघशील."

बघशील म्हणे!

ऊन तिरपं आलं तेव्हा नणंद आतून दिवा लावल्यासारखी झाली. मी चहाची वाटी घेऊन तिच्याखाली बसले. चहात एक पान पडलं. काढलं नाही. तसाच प्यायले.

तासभर कुलूप आठवलंच नाही. मग टपालवाल्याच्या सायकलची घंटी वाजली, फाटकाकडे बघितलं, आणि आठवलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

बाग काल होती तेवढीच आहे. मला मात्र आज लहान वाटली.

१३ ऑक्टोबर, सोमवार

फजिती!

झाडूच्या दांड्याला हातातला आरसा बांधला. सुतळीनं, चांगला आवळून. भिंतीवरून वर केला आणि खालून मान ताणून बघायला लागले. आधी आभाळ. मग विजेचा खांब. मग दांडा जरा वळवला — आणि आली! लाल पट्टी! बोटभर, पण काय लाल! हलतेय, चकाकतेय. मी श्वास धरला. आणखी थोडा वळवला तर लालाच्या जागी एक माणूस. तोंड उघडं, डोळे हे एवढे, थेट माझ्याकडे बघतोय!

तो ओरडला. मी ओरडले. आरसा सुटून त्याच्या बाजूला पडला.

तो गृहस्थ संध्याकाळी तक्रार घेऊन आला. "तुमच्या आई आरशानं माझ्या डोळ्यांवर कवडसा मारत होत्या." मुलगा माझ्याकडे बघायला लागला. खरं सांगायचं तर सांगावं लागलं असतं, की मला भिंत बघायची होती. मग म्हणाला असता, मी दाखवत होतो ना, हात धरून. म्हणून म्हटलं, "त्याच्या मिशीला एका बाजूनं कात्री जास्त लागलीय. दाखवत होते."

मौनी आत पळाली. भांडी पडल्यासारखं हसू आलं आतून.

मुलगा नाही हसला. मला हळूच विचारतो, "आई, आरसा म्हणजे काय ते माहीत आहे ना तुला?"

देवा!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

परीक्षेची तयारी टपालवाल्याकडून करून घेतली. तो फाटकाबाहेर, मी आत.

"आज वार?" — "मंगळवार." "महिना?" — "ऑक्टोबर." "शंभरातून सात गेले?" — "त्र्याण्णव." "त्यातून सात?" — मी म्हटलं, "शहाऐंशी. त्यातून सात एकोणऐंशी. त्यातून सात बहात्तर. पुढे तू सांग." तो बोटं मोजायला लागला. म्हटलं, "तुलाच न्यायला हवं तिकडे."

पास होणारच मी. मग कुलूप जाईल. बावीसला सकाळी आठ वाजता मौनी गेली की तिच्या मागोमाग मी फाटकाबाहेर. खुर्ची घेऊन जाणार! रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसणार, समोर वेल. लोक बघू देत.

टपालवाला म्हणतो, तोवर टिकली पाहिजे. एक गार वारा आला की दोन दिवसांत उघडी पडते. जाताना म्हणाला, "दर वर्षी असंच."

म्हटलं, "जरा गोड बोल की!"

१५ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी जाऊबाईच्या मागे बसून वाळली पानं गोळा करत होते. मौनीची कामावरची मैत्रीण फाटकाशी आली. मौनी रुग्णालयाच्या धोबीखान्यात आहे. चादरी, उश्यांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. दोघी फाटकात बोलत उभ्या राहिल्या. मी दिसत नव्हते.

मैत्रीण म्हणाली, "एकवीसला आहे ना सासूबाईंचं?"

"हं."

"बऱ्या आहेत म्हणाले तर?"

मौनी म्हणाली — आणि मी हिचं एवढं लांब बोलणं लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं — "तर माझी सवलत जाते. आजारी माणसाची काळजी घ्यायची म्हणून अर्धा दिवस दिलाय, घडी घालायच्या टेबलावर. त्या बऱ्या झाल्या की मी परत रात्रीच्या पाळीला, इस्त्रीच्या गरम रुळांवर. मुकादम विचारतच असतो, कशी आहे म्हातारी, कशी आहे म्हातारी."

"आणि कशा आहेत खरंच?"

"ठणठणीत गं! पहिल्या दिवसापासून. डॉक्टरला उत्तरं देत होत्या तेव्हा मला हसू दाबता दाबता पुरे झालं होतं. यांना कळलं नाही. मला कळलं."

"मग सांगितलं नाहीस?"

"नाही."

वाळली पानं हातात चुरली गेली. त्यांचा आवाज होईल म्हणून मूठ उघडली नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कुणाशी बोलले नाही. जेवले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

माहीत होतं हिला! पहिल्या दिवसापासून! माहीत असून सकाळी साखळी वाजवते, फाटक लावते, आणि चालती होते! मुलगा निदान घाबरून करतो. ही? हिशेबानं करते. गप्प माणसं अशीच. माझ्या तोंडाला पानं पुसून गेली, आणि मी हिला मौनी मौनी म्हणून लाडानं हाक मारतेय!

सकाळी ती निघाली तेव्हा मी मुद्दाम फाटकापर्यंत गेले. म्हटलं, "नीट दाब हो कुलूप. नाहीतर पळून जाईन एखाद्याचा हात धरून!"

तर हसली माझ्याकडे बघून. डोळा मारावा तशी. "चालेल की," म्हणाली. निर्लज्ज!

एकवीसला दाखवते. असा पेपर सोडवते की डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून उभी राहील. जाऊ दे मग हिला रात्रीच्या पाळीला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

रात्रीच्या पाळीला होती तेव्हाचं आठवायला लागलं. आठवायचं नव्हतं.

सकाळी यायची ती भिंत धरून. हातांवर रुळांचे चटके, मनगटापासून कोपरापर्यंत, शिडीच्या पायऱ्यांसारखे. बोलायची नाही. मला वाटायचं, मग्रूर आहे. मुलगा सकाळी जाताना आणि ही येताना फाटकात भेटायचे. नवरा-बायको म्हणजे एक आत, एक बाहेर. तेवढाच संसार.

आता गाते. भांडी घासताना. सूर नाही हिला अजिबात, पण गाते. परवा दोघं जेवायला बसले होते तर कशावरून तरी भांडले. चांगलं मोठ्यानं, आणि मग हसले. आधी भांडायला वेळ तरी कुठे होता!

आज पीठ मळताना तिचे हात बघितले. डाग आहेत, पण पुसट झालेत. कातडी परत आलीय.

"काय बघताय आई?"

"काही नाही. पीठ पातळ झालंय."

"तुम्हीच पाणी ओतलंत!"

"मला कुठे आठवतं? मी आजारी."

ती इतकी हसली की पिठाचे हात तोंडाला लागले.

राग धरून ठेवायला फार ताकद लागते. माझ्याच्यानं होत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

हवालदारांनी शिकवणी घेतली. कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर. "आई, आज काय वार?" डोळ्यांत एवढी आशा, की मला उगाच खोकला आला.

"रविवार."

"महिना?"

"ऑक्टोबर."

आनंदानं बायकोकडे बघितलं त्यानं. "बघ! बघ, बरी होतेय आई!" मौनी खिडकीकडे वळली. म्हणाली, "हो. चांगलं आहे." आणि पुसलेलाच ओटा परत पुसायला लागली.

मला म्हणतो, "परवा असंच सांग. मग कुलूप काढून फेकून देतो मी. मला काय हौस आहे का, आई? कामावर असतो तरी डोळ्यांपुढे तूच. कुठेतरी बसच्या थांब्यावर, आणि घरचा पत्ता आठवत नाही तुला."

लहानपणी अंधाराला भ्यायचा तेव्हा असाच चेहरा व्हायचा. मी जवळ घेऊन म्हणायचे, काही नाही रे तिथं. आता काय सांगू? तिथं काही नाही रे, नुसती तुझी आई आहे, गंमत करतेय.

सांगावं का सरळ? दोघांना समोर बसवून? पण सांगितलं की तो डॉक्टरीणबाईंपुढे खोटं बोलायचा नाही. त्याच्यानं होतच नाही. तोंडच लाल होतं त्याचं. बापावर गेलाय. मग मौनी रात्री बाहेर.

मी गप्प बसले. मी!

२० ऑक्टोबर, सोमवार

वारा सुटला. सकाळपासून.

नणंद संपली. दुपारपर्यंत सगळं टाकून मोकळी. जाऊबाई आज तांबडी झाली, मुहूर्त साधून. यांच्या झाडाची पिवळी बाजू गेली, हिरवी तशीच.

भिंतीवरून लाल पानं आत यायला लागली. दोन. मग पाच-सहा. मग मूठभर एकदम. मी अंगणभर धावले त्यांच्यामागे! या वयात! एक पकडलं हवेतच. एक केसांत अडकलं ते काढलं नाही.

टपालवाला ओरडून सांगून गेला, "अजून निम्मी आहे, आजी! वरची!"

निम्मी आहे. उद्या परीक्षा. परवा सकाळी बाहेर. निम्मी तर निम्मी.

भिंतीला हात लावून उभी राहिले. दगड ऊन होते. पलीकडच्या उन्हानं इथपर्यंत तापले होते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

तिघं गेलो. डॉक्टरीणबाई तशीच, चेहऱ्यावर इस्त्री केलेली. मुलगा माझ्या उजवीकडे, मौनी डावीकडे.

"आज वार कोणता?"

"मंगळवार," मी म्हटलं. स्पष्ट, ठणठणीत. मुलानं सुस्कारा सोडला. बरोबरची खूण झाली कागदावर. माझी पहिली!

"महिना?"

तोंड उघडलं. आणि डाव्या बाजूला बघितलं. का बघितलं कोण जाणे. मौनी सरळ बसली होती. डोळे कोरडे. माझ्याकडे बघत नव्हती, खुणावत नव्हती, काहीच मागत नव्हती. फक्त बाही खाली ओढत होती. मनगटावरून, बोटांपर्यंत. जणू पुढचे चटके आत्ताच झाकून ठेवतेय.

मला ती वेल दिसली. खरंच दिसली, अख्खी, खालपासून वरपर्यंत. मी तिला म्हटलं, थांब जरा.

"महिना?" परत विचारलं.

"फेब्रुवारी," मी म्हटलं.

मुलगा म्हणाला, "आई!"

"नाही का? मग एप्रिल. पानं किती पडतायत बघा."

मौनीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. घट्ट. "आई," तिनं हळूच म्हटलं, "नीट सांगा. सांगा ना. तुम्हाला येतं." डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "त्यांना येतं, हो. थट्टा करतात त्या."

शहाणी! आता हिला खरं बोलायचं सुचलं! मी तिचा हात उचलून बाजूला ठेवला आणि म्हटलं, "ही बाई कोण? सकाळपासून माझ्या मागे आहे."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढायला सांगितलं. मी गोल काढला. बारा आकडे एका बाजूला दाटीवाटीनं बसवले. म्हणाली, "काटे कुठे?" म्हटलं, "टोचत होते, उपटले." शंभरातून सात गेले? "जाऊ देत, परत येतील." जीव तोडून चुकले मी. एकही उत्तर चुकून बरोबर येऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसले होते. अशी परीक्षा जन्मात दिली नव्हती!

फुल्याच फुल्या. आणखी सहा महिने. सवलतीच्या कागदावर सही. एकटीला अजिबात सोडू नका.

परत येताना मुलगा बसमध्ये खिडकीतून बाहेर बघत होता. त्याचं वाईट वाटलं. फार वाटलं. मौनी माझ्याशेजारी. उतरताना तिनं माझा हात धरला, आणि या वेळी मी काढून नाही घेतला.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आठ वाजता साखळी वाजली. चपला वाजत गेल्या.

खुर्ची मी काल दवाखान्यात जायच्या आधीच अंगणात काढून ठेवली होती. ती भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि बसले. आतल्या बाजूनं. काड्या, दगड, मधे एक लाल पान अडकलेलं. पलीकडे कुणीतरी पोराला सांगत होतं, "बघ, वरती अजून किती आहे!"

वेल पुढच्या वर्षी परत लाल होईल. तिचं बरं आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

मौनी एक वाजता आली. पायरीवर माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "वेल विरळ झाली हो बाहेरून. तुम्हाला कधीची जास्त आवडली? मला वाटतं, त्या पहिल्या आठवड्यातली."

म्हटलं, "मी कुठून बघणार गं? कुलूप नाही का तुझं!"

रंग उतरला तिचा.

"आई... मी ते एकदाही दाबलं नाही. नुसतं अडकवते. मला वाटलं, माझी पाठ वळली की तुम्ही रोज फिरून येता!"